आंदण की उसनी

शेरीफ येऊन पेलांच्या घरातली गुलाम माणसं जप्तीच्या यादीत लिहून गेला, ही बातमी क्वॉश होडीवाल्यानं आणली तेव्हा टेना भेंडी चिरत बसली होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही. कोणाकोणाची नावं लिहिली, एवढंच विचारलं. क्वॉशनं आधी घोड्यांची सांगितली, मग खेचरांची, मग गाडीवानाचं आणि लोहाराचं. माणूस वाईट बातमीभोवती फेऱ्या मारतो तसा तो मारत राहिला. टेनानं वर पाहिलं.

"अ‍ॅफीचं पण," तो म्हणाला. "मिंडाचं पण. अंगावरच्या लेटीचंसुद्धा लिहिलंय, माउम."

वडीलधाऱ्या बाईला त्या नदीकाठी माउमच म्हणत, काळे आणि गोरेही. टेना तीस वर्षं लोरिमरांच्या घरची स्वयंपाकीण होती. तिचं नाक सरळ आणि जीभ तिखट. तिच्या पाच लेकरांतली अ‍ॅफी तेवढी उरली होती, आणि अ‍ॅफीच्या या दोन मुली. तिघी सहा मैल वरच्या अंगाला, ऑगस्टस पेलच्या मळ्यावर, लोरिमरांच्या लेकीच्या, लाविनियाच्या, घरी. पुढच्या आठवड्यात महिन्याचा पहिला मंगळवार होता, आणि पहिल्या मंगळवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव. तिघी एकाच गिऱ्हाइकाला जातील असं कोणी सांगितलेलं नव्हतं.

ऑगस्टस पेल माणूस वाईट नव्हता. शहाणाही नव्हता. तांदळाचा भाव दोन वर्षं पडलेला, त्यात यानं चुलतभावाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. सही मागितली आणि नाही म्हणालं की सभ्य माणसाचा अपमान होतो, अशी त्या लोकांची रीत. चुलतभाऊ पश्चिमेला पळाला, सही मागं राहिली. सव्हाना शहरातल्या अडत्यानं पेलचा तांदूळ ठेवून घेतला, मग घोडे मागितले, मग माणसं. सभ्यपणा ऑगस्टस पेलचा आणि विकायची टेनाची लेक, असा तो हिशेब.

क्वॉश गेला आणि टेना उठून दारापर्यंत गेली, परत आली, परत दारापर्यंत गेली. यादीचं तिला नवल नव्हतं. तिला बसू देत नव्हता तो एक शब्द.

जावयाच्या कर्जात जावयाचीच माणसं विकता येतात. अ‍ॅफी जावयाची होती का? थोरले मालक, जोसाया लोरिमर, मोठे सावध गृहस्थ. त्यांच्या दोन बहिणींची लग्नं झाली तेव्हा पाठराखणीला माणसं गेली ती उसनी म्हणून गेली. मालक जेवणाच्या टेबलाशी उभे राहून सर्वांदेखत सांगायचे, ही उसनी देतोय, मी बोलावीन तेव्हा परत. जावई बुडाला तरी उसनं माणूस बुडत नाही. पण आंदण दिलेलं माणूस जावयाचं होतं, आणि जावयाच्या हातून त्याच्या घेणेकऱ्याचं.

आठ वर्षांपूर्वी लाविनियाच्या लग्नात अ‍ॅफीचा हात नवरीच्या हातात ठेवला गेला तेव्हा शब्द उच्चारला गेला होता तो आंदण. उच्चारला होता मालकीणबाईंनी, पण तो त्यांच्या तोंडात कोणी घातला हे टेनाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघर मोठ्या घरापासून वेगळं, अंगणापलीकडं होतं. ताटं घेऊन येताना वाढणाऱ्यानं शीळ घालत यायचं, असा मालकीणबाईंचा नियम. शीळ चालू असली की तोंडात घास नाही याची खात्री. साठीची टेनाही शीळ घालत यायची, आणि अशी घालायची की पाहुण्यांना वाटावं बाई हौसेनं गातेय. त्या सोमवारी सूप घेऊन निघाली तर ओठ कोरडे पडलेले. निम्म्या वाटेवर शीळ तुटली. तिनं थांबून ओठ ओले केले आणि पुन्हा सुरू केली.

मालकीणबाई, थिओडोशियाबाई लोरिमर, एकट्याच टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांना बातमी आधीच कळली होती. त्यांचं शिक्षण बायबल वाचण्यापुरतं आणि सही करण्यापुरतं, पण मळ्याच्या बांधावरचा पाण्याचा दरवाजा कुठला गळतो हे त्या खुर्चीत बसून सांगायच्या. सूप चाखून मीठ बरोबर आहे म्हणाल्या, आणि मग आपण टेनाशी बोलत नाही असं दाखवत, खिडकीकडं बघत म्हणाल्या, की लाविनियाच्या घरात जे चाललंय ते वाईट आहे, पण आपण एकदा दिलेला शब्द काही परत फिरत नाही.

"होय मालकीणबाई," टेना म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

बुधवारी भरतीच्या पाण्याबरोबर लाविनिया स्वतःच आली. डोळे सुजलेले, हातमोजा एकच, दुसरा होडीत राहिला म्हणे. त्या दिवशी टेनाचा भात खाली लागला. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं करपलेला थर खरवडून काढला, वरचा पांढराशुभ्र भात ताटात घातला आणि शीळ घालत आत गेली. कोळंबीचं पातेलं घेऊन ती भिंतीशी उभी राहिली. आत माय-लेकीचं जुंपलेलं होतं, आणि वाढणाऱ्या बाईसमोर बोलणं थांबवायचं असतं हे त्या घरात कोणाला सुचत नसे.

लाविनिया सांगत होती की वकील म्हणालाय, आईनं एक शपथ घेतली की काम झालं. मॅजिस्ट्रेट घरीच येईल, बायबलवर हात ठेवून एवढंच म्हणायचं की अ‍ॅफी उसनी दिली होती. लोरिमरांची रीतच तशी, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. लिलावातून तिचं नाव निघेल. पोरींचंही निघेल, पोरी आईच्या मागं जातात.

"मी आंदण म्हटलं होतं," थिओडोशियाबाई म्हणाल्या.

"ते आता कोणाला आठवतंय, आई."

"मला आठवतंय. तुझ्या सासूला आठवतंय. माझ्या घरात, माझं अन्न खाताना ती बाई म्हणाली की लोरिमर लेकीला माणसं देत नाहीत, भाड्यानं पाठवतात, आणि साय खाऊन झाली की परत बोलावतात. म्हणून मी उठले. तुझे वडील बाजूला बसलेत, त्यांना बोलूही दिलं नाही. आंदण दिली म्हटलं, पोटची वाढ, पुढं होतील ती पोरंसुद्धा धरून दिली म्हटलं. आणि आज तिच्याच पोराची लाज राखायला मी बायबलवर हात ठेवून सांगू, की नाही गं बाई, तू म्हणत होतीस तेच खरं, आम्ही भाड्यानंच पाठवतो?"

"सासूबाई आजही म्हणतात, मी असं बोललेच नव्हते."

"खोटं बोलते."

पातेलं धरलेले टेनाचे हात भाजत होते. तिला ते कळलं नाही, नंतर बोटांवर फोड दिसला तेव्हा कळलं.

जेवण उरकून लाविनिया स्वयंपाकघरात आली, चुलीजवळच्या बाकावर बसली आणि रडली. लहानपणी याच बाकावर बसून ती तिळाच्या वड्या खायची. म्हणाली, माउम, अ‍ॅफी गेली तर माझं कसं व्हायचं, धाकट्याला तिच्याशिवाय झोप लागत नाही, माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. टेनानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात फिरवताना तिच्या मनात आलं, की या पोरीच्या केसांचा गुंता निघावा म्हणून देवानं माझी लेक जन्माला घातली असावी. तोंडानं ती म्हणाली, "रडू नकोस ताई. खाऊन घे काहीतरी." आणि खरंच तिच्या हातात तिळाची वडी दिली, कारण रिकाम्या हातानं बसलेलं माणूस तिला बघवायचं नाही, मग ते माणूस कोणी का असेना.

लग्नाच्या दिवशी झालं होतं ते असं.

डिसेंबर होता. अ‍ॅफी सोळा वर्षांची. सकाळीच टेनाला कळलं होतं की थोरले मालक नेहमीप्रमाणं उसनी म्हणून सांगणार. उसनी गेलेली पोर आज ना उद्या परत येते. परत आलेल्या पोरीची घरातली जागा तोवर दुसऱ्या कोणी घेतलेली असते, मग तिला खाचरात पाठवतात. टेनाच्या थोरल्या दोघी खाचरात गेल्या होत्या. गुडघाभर पाण्यात वाकून वाकून एकीला ताप भरला, दुसरी बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाण्यात उभी केली आणि बसली ती उठली नाही. अ‍ॅफीच्या पायाला ते पाणी लागू नये, एवढंच टेनाला हवं होतं. तिला कायमचं लाविनियाच्या खोलीत, कोरड्या फरशीवर ठेवायचं होतं.

म्हणून भांड्यांच्या खोलीत मालकीणबाई चांदीचे चमचे मोजायला आल्या तेव्हा टेनानं काडी लावली. मान खाली घालून, अगदी सांगावं की नको अशा आवाजात म्हणाली, की विहीणबाई बाहेर बायकांमध्ये काहीबाही बोलत होत्या. काय बोलत होत्या, म्हणून दोनदा विचारायला लावलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं. भाड्यानं पाठवतात. साय खाऊन झाली की परत. तो सायीचा शब्द टेनाला त्याच क्षणी सुचला होता, आणि सुचला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

अर्ध्या तासानं थिओडोशियाबाई टेबलाशी उभ्या राहिल्या. आंदण, म्हणाल्या, आणि हिच्या पोटची वाढ धरून. सगळ्यांनी पेले उचलले. थोरले मालक गप्प बसले आणि चार वर्षांनी गप्पच गेले. टेना दारात डुकराच्या मांडीचं ताट धरून उभी होती. आपल्यासारखी हुशार बाई या नदीवर दुसरी नाही असं तिला वाटलं.

आता ती हुशारी आठ वर्षांनी दारात येऊन उभी होती, आणि लेकीची किंमत मागत होती.

गुरुवारी टेना एका जागी बसली नाही. उखळात साळ घातली, चार ठोके मारले, मुसळ टाकून कोंबड्यांकडं गेली. कोंबड्यांना दाणे टाकले ते दोनदा टाकले. होड्यांच्या धक्क्यापर्यंत गेली आणि पाणी बघून परत आली. पाखडायला घेतलेलं सूप तसंच मांडीवर धरून बसली, तेव्हा हाताखालच्या पोरींनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं विचारलं, माउम, बरं नाही का. तुझ्या आईला विचार जाऊन, असं उत्तर मिळालं, म्हणजे बरंच असावं असं पोरींनी धरलं.

तिच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना ढकलत होत्या. खरं सांगितलं तर मालकीणबाईंचा राग पेलबाईंवरून उठेल. टोमणा मारलाच नव्हता म्हटल्यावर शपथ घ्यायला अडचण कसली? पण तो राग उठून कुठंतरी बसणारच. या घरात खोटेपणाला एकच शिक्षा होती. या घरच्याच मिंगोनं फुटलेली सुरई लपवली आणि नाही म्हणाला, तर पंधरा दिवसांत तो गुलामांच्या व्यापाऱ्याच्या साखळीत होता. मालकीणबाई म्हणायच्या, फुटलेलं मी सोसते, फसवलेलं सोसत नाही. मिंगोनं तर एक सुरई फोडली होती. टेनानं दोन घरं फोडली होती.

बरं, सांगितल्यावर त्यांनी ऐकलंच नाही तर? म्हणतील, लेकीसाठी आज खोटं बोलतेय. मग लेकही गेली आणि आपणही गेलो.

मॅजिस्ट्रेट शुक्रवारी दुपारी येणार होता. लाविनियानं हट्टानं त्याला बोलावलं होतं, आई ऐन वेळी वितळेल या आशेवर. थिओडोशियाबाई वितळणाऱ्यांतल्या नव्हत्या. येऊ दे, म्हणाल्या, काय झालं ते मी त्यालाच सांगते.

शुक्रवारी सकाळी त्या किल्ल्यांची टोपली मांडीवर घेऊन कोठाराच्या खोलीत बसल्या होत्या, दिवसाचं साखर-पीठ मोजून द्यायला. टेना न्याहारीचं ताट घेऊन आली, अंगण ओलांडून, एक आवाज न करता.

"शीळ ऐकू आली नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"आज तोंडात दुसरं आहे."

त्यांनी वर पाहिलं. टेनानं ताट पिंपावर ठेवलं आणि कमरेच्या फडक्याला हात पुसले. पुसायला काही नव्हतं.

"पेलबाई तसं बोलल्या नव्हत्या, मालकीणबाई. लग्नात. मी रचून सांगितलं."

किल्ल्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. 

"मग काय बोलल्या होत्या?"

"टर्की कोरडी झालीय म्हणाल्या. तेवढंच."

"ते खरंच होतं," थिओडोशियाबाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "का सांगितलंस?"

"उसनी पोर तुम्ही परत बोलावली असती. परत आलेली पोर खाचरात जाते. माझ्या दोघी तिथं गेल्या, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या शवपेट्यांसाठी फळ्या तुम्हीच दिल्या होत्या."

"चांगल्या फळ्या होत्या."

"होय. चांगल्या होत्या."

थिओडोशियाबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या, बसल्या नाहीत. आता या बाईच्या पायाला चैन नव्हतं. आठ वर्षं, म्हणाल्या. आठ वर्षं मी चर्चमध्ये त्या बाईकडं पाठ करून बसले. तिच्या नवऱ्याच्या मयताला गेले नाही. नातवाच्या बाप्तिस्म्याला डोकं दुखतंय म्हणून घरी बसले, आणि दुखत नव्हतं. नवऱ्याशी भांडले, त्यांना मेंगळट म्हटलं, ते तसेच गेले. हे सगळं त्या एका कोरड्या टर्कीपायी.

"माझ्या तोंडात शब्द घातलास तू."

"घातला."

"मला वाटायचं, या घरात माझ्या मनाविरुद्ध कोणी चमचासुद्धा हलवू शकत नाही."

टेनानं पिंपावरचं ताट सरळ केलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

"आणि आता तो शब्द काढून घ्यायला आलीस."

"हो. नंतर मला काय करायचं ते करा. त्या तिघींना लिलावात उभं करू नका."

मालकीणबाईंनी किल्ल्यांच्या टोपलीत हात घातला, कोठाराची किल्ली काढली आणि नेहमीसारखं साखर मोजून दिली, पीठ मोजून दिलं. पीठ थोडं जास्त पडलं, ते परत काढलं. मग म्हणाल्या, जेवण साडेबाराला. टर्की कर. कोरडी करू नकोस.

यातून काय समजायचं ते टेनाला समजेना. तीन तास ती टर्कीवर चरबी सोडत बसली, आणि दर खेपेला वाटायचं की आता बोलावणं येईल, आता येईल.

मॅजिस्ट्रेट जाडा, दम लागणारा माणूस होता. त्याच्याबरोबर अडत्याचा वकील, सव्हानाहून आलेला, तरणा, पांढऱ्या कॉलरचा. दोघं जेवायला बसले, कारण शपथ असो की फाशी, लोरिमरांच्या घरी आलेला माणूस आधी जेवतो. लाविनियाला घास जात नव्हता. टेना वाढत होती. आज तिनं अंगणभर शीळ घातली होती, इतकी मोठी की पोरींना वाटलं म्हातारीला कळलंय सगळं ठीक होणार. तिला काहीच कळलेलं नव्हतं.

टेबलाचं एक टोक मोकळं करून बायबल आणलं गेलं. थिओडोशियाबाईंनी हात ठेवला. मॅजिस्ट्रेटनं विचारलं की अ‍ॅफी नावाची बाई लेकीबरोबर पाठवली तेव्हा कोणत्या शब्दांत पाठवली.

 टेनाच्या हातात सॉसचं भांडं होतं. तिनं ते खाली ठेवायला हवं होतं, पण हलली तर काहीतरी मोडेल असं वाटून ती तशीच उभी राहिली.

"उसनी," थिओडोशियाबाई म्हणाल्या. "आमच्या घरची रीत आहे. आम्ही माणसं उसनीच पाठवतो."

 तरण्या वकिलानं नम्रपणे सांगितलं की त्याच्या ऐकिवात वेगळं आहे. त्या दिवशी आंदण असा शब्द वापरला गेला, असं काही लोक म्हणतात.

"कोण लोक?"

"नावं आत्ता नाहीत, बाई."

"मग नावं घेऊन या. त्या टेबलाशी बसलेले निम्मे वारले, उरलेल्यांत एक बहिरा पाद्री आहे आणि एक माझी विहीण आहे. तिला विचारा. आमच्यात आठ वर्षं बोलणं नाही, माझी बाजू ती घ्यायची नाही. ती काय सांगते ते मला कळवा."

वकिलानं ओठ मुडपले. पेलबाई स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध कशाला बोलतील, हे त्यालाही समजत होतं. तो शब्द जन्मापासून जिला ठाऊक होता ती बाई त्याच्या कोपराशी सॉस घेऊन उभी होती. तिच्याकडं बघून त्यानं आपल्या ताटात थोडा सॉस घालून घेतला. गुलामाची साक्ष कोर्टात चालत नाही, त्यामुळं विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

थिओडोशियाबाईंनी कागदावर सही केली. एकेक अक्षर कोरत, जीभ ओठांत धरून. मॅजिस्ट्रेटनं ओली शाई टिपायला वाळू टाकली. टर्की छान झाली होती, असंही म्हणाला.

पाहुणे गेले, लाविनिया आईच्या गळ्यात पडून गेली, मग टेनाला आत बोलावणं आलं. मालकीणबाई त्याच खुर्चीत होत्या. समोर दुसरा कागद होता.

"तुला विकणार नाही," त्या म्हणाल्या. "विकली तर लोक विचारतील का विकली, आणि मला सांगता यायचं नाही. अ‍ॅफी सोमवारी घरी येतेय, पोरींना घेऊन, तुझ्या जागी स्वयंपाकघरात. लाविनियाच्या हाताखाली आता कोणी नाही, तिची स्वयंपाकीणही यादीत आहे. तू तिथं जा."

टेनाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ती येतेय आणि मी जाऊ?"

"उसनी."

"किती दिवस?"

"मी बोलावीन तोवर. या वेळी मी कागद केलाय. माझ्या तोंडाचा मला भरवसा राहिला नाही."

टेनाच्या जिभेवर आलेलं तिनं परत ढकललं. मिंगोची साखळी तिला दिसत होती, आणि कोर्टाच्या पायऱ्याही. पायऱ्या रिकाम्या होत्या, एवढं तरी झालं होतं. तिनं एकच विचारलं. "अ‍ॅफीला खाचरात नाही ना पाठवणार?"

"स्वयंपाकघरात, म्हटलं ना. एवढा एक शब्द तरी माझा राहू दे, टेना."

त्यावर टेना खाली मान घालून बाहेर पडली. दारात तिला वाटलं की म्हातारी रडतेय. तिनं मागं वळून पाहिलं नाही. रडू दे, म्हणाली मनात, रडायला तिच्याकडं खुर्ची आहे.

सोमवारी क्वॉशनं होडी भरतीवर वर काढली. टेनाच्या गाठोड्यात दोन झगे, मिठाचा खडा, तिची लाकडी डवली. खालून वर जायचं तर भरती लागते आणि वरून खाली यायचं तर ओहोटी, म्हणून दोन्ही होड्या वाटेत भेटायच्या तर पाणी उलटतं त्याच वेळी. क्वॉशनं तसं वल्हं मारलं. सांगितलं नव्हतं तरी मारलं. आणि मोठ्या वळणाशी, नदी थबकून काय करू म्हणत होती तेव्हा, वरून पेलांची होडी आली.

अ‍ॅफी उठून उभी राहायला गेली, होडी डुलली, ती बसली. अंगावर लेटी, शेजारी मिंडा. होड्या हाताच्या अंतरावर आल्या. अ‍ॅफीला वाटलं होतं की आई धक्क्यावर वाट बघत असेल. होडीत गाठोडं पाहून तिचा चेहरा उतरला.

"माय, तू कुठं निघालीस?"

"तुझ्या जागी. उसनी." पाणी थांबलेलं फार वेळ राहत नाही, म्हणून टेना भराभर बोलली. मोठ्या पातेल्याला भात खाली लागतो, आच कमी ठेव. मालकीणबाईंना भेंडी बिळबिळीत चालत नाही. डाव्या बाजूची कोंबडी अंडी लपवते. त्या काही विचारतील ते खरं सांग, एकदम खरं, टर्की कोरडी झाली तर कोरडी झाली म्हणून सांग. "आणि शीळ येते का तुला?"

"शीळ? नाही."

"शीक. तिथं शिळेशिवाय ताट आत जात नाही."

मिंडानं आईच्या मांडीवरून मान पुढं काढली. "आजी, उसनी म्हणजे काय?"

टेना या प्रश्नाला तयार नव्हती. तिनं अ‍ॅफीकडं पाहिलं, क्वॉशकडं पाहिलं. क्वॉश पाण्याकडं बघत होता.

"परत यायचं असतं ते," ती म्हणाली.

तेवढ्यात पाण्याचं ठरलं, ओहोटी लागली. पेलांची होडी खाली ओढली जाऊ लागली, क्वॉशला वल्ह्यावर जोर लावावा लागला. अ‍ॅफी काहीतरी बोलत होती, ते ऐकू येईना. टेनानं ओठ ओले केले आणि शीळ घातली, रोज अंगण ओलांडताना घालायची तीच. थोडी थांबली, पुन्हा पहिल्यापासून घातली, सावकाश, शिकवताना घालतात तशी. वळणाआड जाईपर्यंत मिंडा ओठांचा चंबू करून फुंकत होती. नुसता वारा येत होता. टेनानं तिसऱ्यांदा सुरुवात केली.